कॉलनीची बाग सुरू करताय? खान्देशात या चुका टाळा

आपल्याकडे कॉलनीच्या बागेचा नारळ बहुतेकदा ५ जूनला, पर्यावरण दिनाला फुटतो. जळगाव-भुसावळकडे तेव्हा ऊन पुरतं उतरलेलं नसतं आणि मृगाचा भरवसा नसतो. फोटो निघतात, आठ-पंधरा दिवसांत रोपं माना टाकतात आणि हौसेनं आलेली मुलं पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. दोन-तीन चांगले पाऊस पडून वीतभर ओल गेली की मगच लागवड करा. पाहुणे जुलैतही येतील.

पाण्याची पाळी न ठरवणं

सगळ्यात जास्त बागा इथं मरतात. पावसाळ्यात बाग आपली आपण वाढते. एप्रिल-मे महिन्यात मात्र नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि निम्मी कुटुंबं सुटीला गावी गेलेली असतात. ‘सगळे मिळून घालू’ म्हटलं की कुणीच घालत नाही.

यावर उत्तर शोधायला लांब जायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात, म्हणजे अनेकांच्या शेतांच्या एका सलग पट्ट्यात यायचं, एका फडात सगळ्यांचं पीक एकच असायचं आणि पाणी द्यायला शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी असायचा. पाणी कमी पडलं तर ओलिताचे फडच कमी करायचे, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची. बागेतही हेच करा. आठवड्याच्या पाळ्या लिहून फाटकावर लावा, गावी जाणाऱ्यानं आपली पाळी कुणाला दिली ते तिथंच लिहावं, आणि एक पाटकरी नेमा. उन्हाळ्यात सगळे वाफे अर्धवट भिजवण्यापेक्षा निम्मे मोकळे ठेवा आणि उरलेल्यांना पोटभर पाणी द्या.

ठिबक असेल तर बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी भोकं बुजतात. नळ्यांची टोकं दर आठवड्याला उघडून पाणी जोरात वाहू द्या. एवढंच काम मुलांकडे सोपवलं तरी ती आवडीनं करतात.

काळ्या मातीला कमी लेखणं

ही माती कसदार खरी, पण पावसात चिकट होऊन पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून भाजीसाठी गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे करा आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. फुकट मिळतात म्हणून बोंडं लटकलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) आणून अंथरू नका. त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. ती भेंडीवरही येते आणि शेजारच्या कपाशीलाही त्रास देते.

फक्त झाडं लावणं

कडुनिंब, करंज, बहावा हवेतच, पण सावली द्यायला त्यांना वर्षं लागतात. सहा वर्षांच्या मुलीला एवढा धीर कुठून असणार? तिला मेथी पेरू द्या, महिनाभरात खुडता येते. मुळा त्यानंतर थोड्याच दिवसांत येतो.

मोठ्यांसाठी भरताची वांगी लावाच. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि हिवाळ्यात भरीत-पुरीला नाही म्हणणारं घर खान्देशात सापडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोपं लावली तर थंडीत बागेतच वांगी भाजता येतात. एरवी लांब राहणारे आजी-आजोबा त्या दिवशी आपणहून येतात, कारण वांगं कसं भाजायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही.

जागा ओपन स्पेसची असेल तर नगरपालिकेची लेखी परवानगी आधी घ्या.

किडा दिसला की फवारा

जिथं मुलं पान तोडून तोंडात घालतात तिथं विषारी औषध नकोच. वांग्याचा शेंडा मलूल दिसला तर आत अळी आहे असं समजा. तो खुडून नष्ट करा आणि कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा) लावा. मावा-तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळा आणि पाणी घालून १०० लिटर करा. बागेला एवढा लागत नसेल तर त्याच प्रमाणात कमी करा.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र मारू नका. ते लिंबाचं फुलपाखरू आहे आणि मुलांना ते कोषातून बाहेर पडताना बघायला मिळू शकतं. लिंबाचं रोप अगदीच लहान असेल तर अळ्या अलगद उचलून कढीपत्त्यावर सोडा, त्याची पानंही त्या खातात.