वह्या मिटा आणि शब्द आठवा: परकीय भाषा शिकवायला लागणाऱ्यांसाठी

मी जर्मन शिकवते. नव्याने शिकवायला लागणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं की तासाची सुरुवात जुन्या शब्दांनी करा, तीही वह्या मिटून. फळ्यावर फक्त अर्थ लिहायचा, जर्मन शब्द मुलांनी आठवून लिहायचा. कुणी पहिलं अक्षर लिहून अडतं, कुणी छताकडे बघत बसतं. अशा वेळी उत्तर सांगून टाकावंसं वाटतं. सांगू नका, थोडं थांबा. त्या धडपडीतच शब्द पक्का होतो.

कार्पिके आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक भाषाशिक्षकाला माहीत असायला हवा. विद्यार्थ्यांना स्वाहिलीचे ४० शब्द दिले होते. एकदा आलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना तो परत विचारला नाही, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. यातल्या एका गटाने तर सगळे शब्द पुढेही वाचणं चालू ठेवलं होतं, तरी फरक पडला नाही. म्हणून ‘यादी पाच वेळा वाचून या’ असा गृहपाठ मी देत नाही.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या विरोधात जाणारी आहे. पुस्तकात रंग एका पानावर, नातेवाईक दुसऱ्या पानावर असतात. दिसायला छान, पण एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. ‘लिंक्स’ म्हणजे डावीकडे आणि ‘रेख्ट्स’ म्हणजे उजवीकडे. दोन्ही एकाच दिवशी शिकवलेत तर रस्ता सांगताना मुलं हमखास गोंधळतात. आधी ‘लिंक्स’ नकाशावर भरपूर वापरून घ्या. तो तोंडात बसला की काही दिवसांनी दुसरा आणा.

आवाजावरून चित्र जोडायची युक्ती (नव्या शब्दासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द शोधून त्याचं आणि अर्थाचं एकत्र चित्र मनात आणायचं), म्हणजे ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर तपासलेली पद्धत, अडून बसणाऱ्या शब्दांपुरती ठेवा. वस्तूंच्या नावांना ती चालते, अमूर्त शब्दांना ओढूनताणून लावावी लागते.

उजळणीसाठी लाइटनरची कप्प्यांची पेटी पुरते, म्हणजे शब्दांची कार्डं ठेवायची पेटी. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. तासाच्या सुरुवातीच्या रोजच्या चाचणीला गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुलं आठवायचं सोडून शेजारच्या वहीत बघायला लागतात.