कोकम तेल-शिया बटरचं मलम रवाळ होत होतं, ते असं गुळगुळीत झालं

टाचांच्या भेगांसाठी घरी केलेलं मलम पहिल्या दिवशी लोण्यासारखं मऊ, पण आठवड्याभरात रवाळ. बोटाला बारीक कण लागायचे, चोळले की विरघळायचे. वास ठीक, बुरशी नाही. फेटून पाहिलं, गाळून पाहिलं, खोबरेल वाढवलं. कण परत हजर. अगदी वैताग आला होता.

कारण असं, की शिया (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तूप) आणि कोकम तेल (कोकमाच्या बियांचं, गोळ्यासारखं घट्ट) दोन्हींत स्टिअरिक आम्ल, म्हणजे लवकर गोठणारं स्निग्धाम्ल, भरपूर. मिश्रण सावकाश निवलं की लवकर गोठणारा भाग आधी वेगळा होतो, त्याचेच कण बनतात.

प्रमाण: कोकम तेल ३० ग्रॅम, शिया ३०, बदाम तेल ४०. कोकम तेलाचा गोळा किसून घ्या, शियासोबत डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, वितळवा. नुसतं पातळ दिसलं म्हणून उतरवू नका. थर्मामीटर लावून ७५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटं ठेवा. जुने कण पूर्ण विरघळायला हवेत. मग बदाम तेल घालून उतरवा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि सतत ढवळा. आत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. मिश्रण दुधाळ होऊन चमच्याची रेघ क्षणभर टिकली, की लगेच कोरड्या डबीत ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये.

उन्हाळ्यात डबी वितळून पुन्हा सावकाश गोठली तर कण येतात. तेव्हा परत ७५ अंशांपासून सुरुवात करा.