नवतपा ते मृग : परसबाग जगवायची, वाढवायची नाही

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात असतो. या दिवसांत टोमॅटो, मिरचीची फुले गळतात, त्यावर औषध शोधत बसू नका. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात, मग कोणत्याही फवारणीने फळ धरत नाही. युरिया तर टाकूच नका. त्याने कोवळी फूट येते, ती उन्हात करपते आणि झाडाची पाण्याची गरज मात्र वाढते.

दुपारी पाने माना टाकतात ती नेहमी तहानेने नव्हे. सकाळी सातला झाड पाहा. तेव्हाही मलूल असेल तर बोटभर खोल माती उकरा. मुठीत दाबून गोळा होत नसेल तरच पाणी द्या. काळ्या मातीत आणखी एक गोम आहे. भेगा पडल्या की टाकलेले पाणी मुळांना न मिळता भेगेतून सरळ खाली जाते, शिवाय बारीक मुळे तुटतात ती वेगळीच. म्हणून आधी खुरप्याने दोन इंच माती हलवून भेगा बुजवा, मग संध्याकाळी सावकाश पाणी द्या.

त्यावर सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) तीन इंच जाड पसरा. खोडापासून चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर कुटारासोबत वाळवी खोडापर्यंत येते. कुटार घातल्यावर वाफ्याला रोज पाणी देण्याची गरज सहसा उरत नाही.

पाणीच कमी असेल तर वेलांशेजारी मडके गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि तोंड झाका. रंग दिलेले मडके चालत नाही. घरचा जुना माठ वापरायचा तर आधी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला नाही तर त्याची छिद्रे क्षारांनी बुजली आहेत, तो पाझरणार नाही.

सावलीसाठी ५० टक्के छायेची हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी पश्चिमेच्या बाजूने बांधा. तुराट्यांची (तुरीच्या वाळक्या काड्यांची) ताटी उभी केली तरी भागते. जाळी पानांना टेकू देऊ नका. वळवाच्या वादळात ती झाडांसकट उपटते, म्हणून खुंट्या खोल ठोका.

वांगी, भेंडीच्या पानांवर पिवळसर ठिपके आणि खालून बारीक जाळे दिसले तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्याने भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. गंधकाची फवारणी कोळीवर चालते खरी, पण एवढ्या उन्हात पानेच भाजतात.

दारातल्या लिंबाला पावसाआधी बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, मग एकत्र करून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला माखा. लोखंडी भांडे नको. आळेही दुहेरी करा, म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक वाहण्याचा रोग, बहुतेक तिथूनच सुरू होतो.

पावसाळी वांगी-मिरचीच्या रोपांसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा आताच करा. बी १० सेंटीमीटरवरच्या ओळींत, एक सेंटीमीटर खोल पेरा. दाट पेरले आणि वर पाणी साचले की रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखतच टाका. अर्धकच्च्या खतातून मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमले तर फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका.