अपडेटनंतर मेश वायफाय सारखं तुटतंय? रीसेट मारण्याआधी या चुका टाळा

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि घरातलं मेश वायफाय (घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांचं, म्हणजे नोडचं, मिळून एकच नेटवर्क) मधूनच तुटायला लागलं, की पहिला राग इंटरनेटवाल्यावर निघतो आणि पहिला हात रीसेटच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. अपडेटनंतरची बरीच दुखणी बारीक असतात. कुठलीतरी सेटिंग बदललेली असते, नाहीतर एखादा नोड जुन्याच फर्मवेअरवर राहिलेला असतो. पण नेमकं कुठे तुटतंय हे न बघता सगळं एकदम हलवलं, तर ते बारीक कारण त्या गोंधळात सापडतच नाही.

मी हे करून बसले आहे, म्हणून कळकळीने सांगते. आमच्याकडे तीन नोड आहेत. मुख्य राउटर खाली, दुसरा नोड जिन्याच्या वळणावर आणि तिसरा वरच्या खोलीत. एका रात्री आपोआप अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वरच्या खोलीतला व्हिडिओ कॉल दिवसातून चार-पाच वेळा गोठायला लागला. मिनिट-दीड मिनिट जायचं आणि मग आपोआप सुरू. मी तिन्ही नोड फॅक्टरी रीसेट केले. नवीन नेटवर्क, पुन्हा पासवर्ड, एकेक दिवा, प्रिंटर आणि टीव्ही परत जोडणं, यात अख्खी संध्याकाळ गेली. सकाळी कॉल पुन्हा गोठला, अगदी तसाच.

सगळ्यात मोठी चूक: तुटतंय कुठे, तेच न शोधणं

मेशमध्ये तीन दुवे असतात. तुमचा फोन ते जवळचा नोड, तो नोड ते मुख्य राउटर (याला बॅकहॉल म्हणतात), आणि मुख्य राउटर ते बाहेरचं इंटरनेट. यातला कुठलाही दुवा तुटला तरी फोनवर एकच दिसतं: नेट गेलं. म्हणून आधी दुवा ओळखायचा.

लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत मुख्य राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ असं त्याला सारखं विचारत राहणारी कमांड. हा पत्ता बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो; नसेल तर वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून दिसतो. दुसरीत बाहेरचा पत्ता, समजा ८.८.८.८. विंडोजवर पत्त्यानंतर ‘डॅश टी’ (-t) लिहिलं, की तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. मॅकवर तसंही ते चालूच राहतं. आता नेहमीचं काम करत बसा आणि तुटलं की दोन्ही खिडक्या बघा.

फक्त बाहेरच्या पत्त्याचं उत्तर थांबलं, तर घरातलं वायफाय ठीक आहे. मोडेम, लाइन किंवा राउटरची बाहेरची बाजू बघायची. दोन्ही थांबली, तर घरातच तुटतंय. मग लॅपटॉप केबलने थेट मुख्य राउटरला लावून तेच करा. तिथे दोन्ही पिंग सुरळीत आणि वर मात्र तुटतात, शिवाय त्याच वेळी वरच्या इतर उपकरणांचंही नेट जातं, तर संशय बॅकहॉलवर. बाकी सगळं चालू असताना एकच उपकरण तुटत असेल, तर दुखणं त्या उपकरणाच्या जोडणीत आहे आणि तिन्ही नोड रीसेट करून काही साधणार नाही.

यासाठी स्पीड टेस्ट वापरू नका. ती अर्धा-पाऊण मिनिट चालते. दर तीन तासांनी मिनिटभर तुटणारं नेट तिच्यात सापडणार कसं? आणि प्रत्येक वेळी तुटलं की वेळ लिहून ठेवा. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होते आणि कारण सापडलं ते त्याच पानामुळे.

चॅनेल ‘ऑटो’वर गेलंय का, हे न बघणं

चॅनेल म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यातली एक ठरावीक वाट; ‘ऑटो’वर असलं की ती राउटर स्वतः निवडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये लॉग नावाचं एक पान असतं, कधी काय घडलं त्याची नोंद. तिकडे कोणी फिरकत नाही, कारण ते वाचायला किचकट दिसतं. पण वेळा हातात असतील तर फक्त त्या वेळांच्या ओळी वाचायच्या. माझ्या वहीतल्या प्रत्येक वेळेसमोर लॉगमध्ये एकच गोष्ट होती: चॅनेल १०० वर रडार आढळलं, चॅनेल बदललं.

५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनेल हवामान आणि इतर रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. (कुठल्या देशात यातली कोणती वापरता येतात ते वेगवेगळं असतं, म्हणून राउटरमधली देशाची सेटिंग अपडेटनंतरही बरोबर आहे ना, तेही बघा.) या चॅनेलवर येण्याआधी राउटरला साधारण ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, काही ठिकाणी हवामान रडारच्या पट्ट्यात तर १० मिनिटं. चालू असताना रडार जाणवलं तर चॅनेल ताबडतोब सोडायचं आणि पुढची ३० मिनिटं तिथे फिरकायचं नाही, असा नियम आहे. साधा एकटा राउटर यातून पटकन सावरतो. मेशमध्ये मात्र बॅकहॉल त्याच चॅनेलवर असेल, तर मागचे नोडही त्याच्या मागोमाग नव्या चॅनेलवर जाऊन जोडले जावे लागतात. तेवढा वेळ वरची खोली अधांतरी. शिवाय जवळपास खरं रडार असलंच पाहिजे असंही नाही. राउटरची चिप कधीकधी दुसऱ्याच लहरीला रडार समजते. अपडेटमध्ये ही ओळखण्याची पद्धत बदलली, की काल न दिसलेलं ‘रडार’ आज दिसायला लागतं.

चॅनेलची रुंदी हाही याचाच भाग. ५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झ रुंदी चालू केली, की ३६ ते ६४ एवढा पट्टा लागतो आणि त्यातला अर्धा रडारच्या वाट्याचा असतो. म्हणजे वरवर ३६ वर असूनही तुम्ही त्या कचाट्यात असता. अपडेटनंतर रुंदी ‘ऑटो’ झाली असेल तर ८० करा आणि चॅनेल ३६ ते ४८ मधलं ठेवा. कागदावरचा वेग कमी होईल, पण माझ्या मते न तुटणाऱ्या नेटपुढे तो सोडून देण्यासारखाच आहे. काही मेशच्या ॲपमध्ये चॅनेल हाताने निवडताच येत नाही. तिथे निदान १६० किंवा रडारवाल्या चॅनेलचा पर्याय बंद करता येतो का ते शोधा.

२.४ गिगाहर्ट्झचं एवढं लांबण नाही. तिथे रुंदी २० आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक.

एकाच वेळी चार गोष्टी बदलणं

चॅनेल बदललं, सुरक्षेचा प्रकार बदलला, नोड हलवला आणि डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदललं. नेट सुधारलं तर कशामुळे? बिघडलं तर कशामुळे? एक बदल करा आणि थांबा. किती थांबायचं हे दुखण्यावर ठरतं. दिवसातून दोनदा तुटत असेल तर तासाभरात निकाल लागणार नाही. तुटण्यात ठरावीक अंतर दिसत असेल तर तेही बोलकं असतं. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो आणि मुदत अर्धी झाली की उपकरण ती वाढवून मागतं. २४ तासांची मुदत असताना बरोबर दर १२ तासांनी एखादं उपकरण लटकत असेल, तर आधी त्या देवाणघेवाणीकडे बघा.

अपडेटनंतरच्या पहिल्या काही तासांत मेश स्वतःच चॅनेल आणि नोडची जोडणी पुन्हा ठरवत असतं. त्या वेळात लगेच निष्कर्ष काढू नका.

नोड मागे राहिलाय, हे लक्षात न येणं

ॲपवर ‘अपडेट पूर्ण’ असं दिसलं तरी प्रत्येक नोडवर जाऊन आवृत्तीचा आकडा वाचा. मुख्य राउटर नव्यावर आणि लांबचा नोड जुन्यावर असं होतं, विशेषतः ज्या नोडची रेंज आधीच कच्ची असते तिथे. दोघांची भाषा थोडी जरी वेगळी झाली तरी नोड जोडला जातो, सुटतो, परत जोडला जातो. मागे राहिलेला नोड मुख्य राउटरजवळ आणा, जमल्यास केबलने जोडा आणि अपडेट पुरं होऊ द्या. दिवा लुकलुकत असताना प्लग काढू नका. अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरमुळे नोड कायमचा बंद पडू शकतो.

मग सगळं एकदा बंद करून क्रमाने चालू करा. आधी मोडेम. तो स्थिर झाला की मुख्य राउटर. त्याचा दिवा स्थिर झाला की जवळचा नोड आणि शेवटी लांबचा. हे नुसतं बंद-चालू आहे, रीसेट नाही. यात तुमची एकही सेटिंग जात नाही.

क्रम पाळायचं कारण आहे. पुन्हा चालू झालेला नोड आपण कोणाला जोडायचं हे नव्याने ठरवतो. आमचा वरचा नोड जिन्यातल्या नोडला सोडून, मधल्या भिंती आणि कपाटाला न जुमानता, थेट खालच्या राउटरला चिकटायचा. ॲपमधल्या नकाशात हे दिसतं. नोडचा सिग्नल उणे ५० ते ६० डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक) आसपास असेल तर छान. उणे ७० च्या पलीकडे गेला तर तो नोड तुमच्या फोनला फुल रेंज दाखवेल आणि नेट मात्र देणार नाही. याच कारणाने नोड कधी मुळीच रेंज नसलेल्या कोपऱ्यात ठेवू नये. त्या कोपऱ्याच्या अलीकडे, जिथे चांगली रेंज अजून पोचते तिथे ठेवावा.

नवी सुरक्षा आणि जुनी उपकरणं

फोन-लॅपटॉप व्यवस्थित, पण स्मार्ट दिवे, प्लग, जुना प्रिंटर गायब? मग अपडेटने सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर (वायफाय पासवर्डच्या सुरक्षेचा नवा प्रकार; डब्ल्यूपीए२ हा त्याआधीचा) नेली आहे का ते बघा. हा प्रकार २०१८ साली आला आणि त्याआधीची बरीच उपकरणं त्याला ओळखत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा मिश्र पर्याय असतो, पण काही जुनी उपकरणं त्यावरही अडतात. अशांसाठी फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, डब्ल्यूपीए२ वालं वेगळं नेटवर्क काढून द्या आणि मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर राहू द्या. चिडून पासवर्डच काढून टाकणं किंवा डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी सुरक्षा लावणं मात्र अजिबात नको.

घरात चालताना फोन एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना तुटत असेल, तर ‘फास्ट रोमिंग’ची सेटिंग दोन दिवस बंद ठेवून बघा. फोनमधलं नेटवर्क ‘विसरून’ परत जोडायलाही विसरू नका.

घरात दोन राउटर होऊन बसणं

मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय देणं, पत्ते वाटायचं काम दुसऱ्या राउटरकडे) होतं आणि अपडेटनंतर राउटर मोडमध्ये गेलं, असंही घडतं. मुख्य राउटरच्या इंटरनेट पानावर बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा त्याच्यापुढे आणखी एक राउटर बसलाय. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर ती इंटरनेट कंपनीच्या बाजूची व्यवस्था आहे, तुमच्या घरातला दोष नाही. दोन राउटर असतील तर एकालाच राउटरचं काम करू द्या. दुसरा ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

मग रीसेट कधी?

वरचं सगळं बघून झाल्यावर. रीसेट वाईट नाही. जुन्या सेटिंग नव्या फर्मवेअरशी जुळल्या नसतील तर तोच खरा उपाय ठरतो. पण त्याआधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा, इंटरनेट कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड हाताशी ठेवा, आणि नंतर जुन्या फर्मवेअरवर घेतलेली बॅकअप फाइल परत चढवू नका. नाहीतर ज्या सेटिंगमुळे अडलं होतं, त्याच तुम्ही परत आणाल. सेटिंग हाताने भरा.

जुन्या फर्मवेअरवर परत जाणं हा त्याच्याही नंतरचा मार्ग. फाइल फक्त निर्मात्याच्या स्थळावरूनच घ्या आणि मॉडेलसोबत हार्डवेअरची आवृत्तीही जुळवा. ती नोडच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असते. सगळे नोड एकाच आवृत्तीवर आणा. आपोआप अपडेट तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर रात्रीत सगळं पुन्हा होतं तिथेच. काही मॉडेल मागे जाऊच देत नाहीत. आणि मागे गेलात तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही गमावता, म्हणून पुढची आवृत्ती आली की लगेच वर या.

एवढ्यानंतरही तुटत असेल तर निर्मात्याला लिहा, पण ‘वायफाय चालत नाही’ एवढंच नको. प्रत्येक नोडची आवृत्ती, तुटण्याच्या वेळा, त्या वेळांचा लॉग, कोणता दुवा तुटतो आणि आजवर कोणते बदल एकेक करून पाहिले, हे सगळं एकाच पत्रात द्या. समोरचा पहिलं उत्तर म्हणून रीसेट करायला सांगेल. तो कधी केला आणि त्यानंतर पहिल्यांदा कधी तुटलं, हेही त्यातच लिहून टाका.