वाड्यातली जुनी चित्रं: पुसायला घेण्याआधी या चुका टाळा

जुन्या वाड्यात रंगकाम निघालं की भिंतीवरची चित्रं आधी उतरतात, आणि पन्नास वर्षांत झालं नसेल एवढं नुकसान त्या चार दिवसांत होतं. लक्ष सगळ्यांचं दर्शनी बाजूकडे. पण चित्राचं दुखणं आणि चित्रकाराचं नाव, दोन्हींचा माग बहुतेक वेळा पाठीमागे लागतो.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे पाठ न वाचताच ती साफ करणं. चित्र दोघांनी उतरवावं, एक हात खाली आणि एक बाजूला. फ्रेमच्या वरच्या पट्टीला धरून उचललं तर जुना सांधा हातात येतो. मऊ चादरीवर पालथं घालण्याआधी रंगाचे पापुद्रे उचललेले नाहीत ना, हे बघा: खोलीत अंधार करून टॉर्च चित्राला जवळजवळ समांतर धरला की उचललेल्या प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते. पापुद्रे दिसले तर चित्र पालथं घालू नका. उभंच धरून मागून फोटो काढा.

पाठीवर काय मिळतं? फ्रेमवाल्याची चिठ्ठी, खडूने घातलेला नंबर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाचं लेबल (ही संस्था 1888 ची), कापडावर लंडनच्या रंगविक्रेत्याचा शिक्का. शिक्क्यातला पत्ता जपून टिपा. दुकानं जागा बदलत असत, म्हणून पत्त्यावरून कापडाचा काळ बराच आवळता येतो. सडका पुठ्ठा बदलायचा असेल तर बदला, पण लेबलाचा तुकडा कापून पाकिटात ठेवा आणि तो कुठे होता ते लिहा.

प्रत्येक देवी रविवर्म्यांची नसते

घरात सरस्वती किंवा लक्ष्मी असली की 'मूळ रविवर्मा' म्हणण्याचा मोह होतोच. रविवर्म्यांचा (1848–1906) छापखाना 1894 मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रती, घरोघरी पोचल्या. दहापट भिंगातून चेहऱ्याची सावली बघा. वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके एकमेकांवर पडलेले दिसले तर ती दगडावरून छापलेली प्रत आहे. हाताच्या रंगात कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसतात. नुसत्या पोतावर जाऊ नका, कारण काही छापांवर कापडासारखा उठाव आणि वर वार्निश असतं. सहीही दगडावरच असते, म्हणजे तीसुद्धा छापलेली. छापखान्याची ओळ तळाच्या समासात असते आणि नेमका तोच समास फ्रेमवाल्यांनी दुमडलेला किंवा कापलेला सापडतो. चित्रावर जरतार, टिकल्या, मणी चिकटवले असतील तर ते 'नंतरचं' म्हणून काढू नका. तेव्हाच्या घरांची ती सजावट आहे, आणि काढताना कागद हमखास फाटतो.

नावाचा घोळ मोठमोठ्या ठिकाणीही होतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली हातात दिवा धरलेली स्त्री कित्येक लोक रविवर्म्यांची समजतात. ते चित्र सावळाराम हळदणकरांचं (1882–1968) आहे, समोर उभी त्यांची मुलगी, आणि माध्यम जलरंग! बोटांतून झिरपणारा तो उजेड तैलरंगाचा वाटतो म्हणून नजर फसते. तेव्हा आधी माध्यम ओळखा, नाव नंतर.

सही असली तरी भिंग लागतंच. जुन्या तैलरंगाला बारीक भेगा पडतात. सहीची रेघ भेगेत उतरली असेल तर सही भेगांच्या नंतरची, म्हणजे कोणीतरी पुढे घातलेली. सहीचा रंगही भेगेबरोबर तुटला असेल तर ती जुनी असण्याची शक्यता बरी. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळपट डागासारखा उठून दिसतो. रविवर्म्यांची किंवा चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची (1867–1944) सही ताडायची असेल तर मोबाइलवरच्या फोटोंपेक्षा साताऱ्याजवळच्या औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय बरं. तिथे मूळ चित्रांसमोर उभं राहून रंगाचा थर बघता येतो.

आणखी एक: रविवर्म्यांची चित्रं कायद्याने राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत. मूळ चित्र निघालं तरी ते विकायला परदेशी नेता येत नाही.

घरगुती उपाय

बटाटा, पाव, कांदा, साबणाचं पाणी, काचा पुसायचा फवारा. यातलं काहीही नको. बटाट्याचा स्टार्च भेगांत राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. पाणी भेगांतून खालच्या सरसाच्या थरात जातं, सरस फुगतो, रंग सुटतो. सगळ्यांत वाईट जवसाचं तेल. चार दिवस रंग उजळतात, मग तेल पिवळं होऊन इतकं घट्ट बसतं की पुढे संवर्धकालाही (जुनी चित्रं जपण्याचं, दुरुस्त करण्याचं काम शिकलेल्या माणसाला) मूळ रंगाला धक्का न लावता ते काढणं मुश्कील. घरी करण्यासारखं काम एकच: चित्र थोडं पुढे झुकवून, धूळ खाली पडेल अशा बेताने, मऊ रुंद कुंचल्याने वरून खाली झटकणं. तेही पापुद्रे नसतील तरच.

तैलचित्राच्या खालच्या कडेला आतून फुगवटा आला असेल तर बाहेरून दाबू नका. कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतात. त्यातली एखादी निसटून कापड आणि खालच्या पट्टीच्या मध्ये अडकते आणि हळूहळू रंगाला तडे देते. मागून जाड पुठ्ठ्याच्या पट्टीने ती अलगद सरकवून काढता येते. कापड ढिलं दिसलं म्हणून उरलेल्या पाचरी ठोकत बसू नका. पावसाळ्यात सैल वाटणारं कापड हिवाळ्यात ताणतं आणि फाटतं.

पावसाळा

बाहेरच्या भिंतीला चित्र चिकटून लटकवलं की पाठीमागे ओल कोंडते. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून साधारण 10 मिलिमीटर जाडीच्या बुचाच्या चकत्या लावल्या तरी हवा खेळते. कागदावरच्या चित्राला काच टेकलेली नको, मध्ये माउंट (काच चित्रापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच. टेकलेली काच दमट हवेत रंगाला चिकटते. चिकटलीच तर ओढू नका, काचेसकट संवर्धकाकडे न्या. उजेडाचं माप: जलरंग आणि छापांवर 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलचित्रावर 150 ते 200.

पृष्ठभागावर निळसर धुरकट झाक आली आणि टॉर्चखाली ती सपाट दिसली, तर वार्निश दमटपणाने धुरकटलंय. कापसासारखे ठिपके दिसले तर बुरशी आहे. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की बीजाणू पसरतात. चित्र बाकीच्यांपासून वेगळं कोरड्या खोलीत ठेवा, पंखा चालू ठेवा, पण त्याचा झोत चित्रावर नको. फ्रेमखाली ताजी फिकट भुकटी पडत असेल तर लाकडात घुण जिवंत आहे. तेही चित्र लगेच वेगळं करा.

भिंतीवरच्या चित्रांना पाठ म्हणजे भिंतच

वाईजवळच्या मेणवलीतल्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारख्या ठिकाणची भित्तिचित्रं म्हटली की लोक नाव विचारतात आणि सहीसाठी कोपरे खरवडतात. चितारी भिंतीवर सही करत नसत. पेशवाईतला गंगाराम तांबट आपल्याला माहीत आहे तो त्याच्या कागदावरच्या कामामुळे. पेशवे दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या वर्तुळातून त्याची रेखाटनं जपली गेली. वाड्याचा चितारी शोधायचा तर घराण्याचे मोडी जमाखर्च वाचा. कारागिरांना दिलेली रक्कम तिथे सापडू शकते.

हे काम बहुधा कोरड्या चुन्याच्या गिलाव्यावर डिंक-सरसाच्या रंगात केलेलं असतं, त्यामुळे ओल्या हाताने चोळलं की रंग फडक्यावर येतो. याहून मोठी चूक म्हणजे खालच्या भागाला लोणा लागला (ओलीबरोबर क्षार फुटून गिलावा भुसभुशीत झाला) म्हणून तिथे सिमेंटचा गिलावा करणं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग ती भिंतीत वर चढते आणि नेमकी चित्राच्या पातळीवर बाहेर येते. क्षार रंगामागे साचून रंग ढकलतात. वार्निश मारल्यानेही तेच. आधी छपराची गळती, पन्हाळी आणि पायाजवळचं पाणी बघा, मग दुरुस्ती चुन्यातच करा. बोटाच्या पेराने अगदी हलकेच वाजवून जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूची खूण चित्राबाहेर करा, चित्रावर नको.

आणि पोपडा पडलाच, तर झाडू फिरवण्याआधी तुकडे उचला, एका ठिकाणचे एका पुडीत घाला, पुडीवर भिंत, उंची आणि तारीख लिहा. फेव्हिकॉलने परत चिकटवू नका.