आपत्तीनंतर वस्ती पुन्हा उभी करायला पैसे कसे गोळा करायचे

पूर येऊ दे, भूकंप होऊ दे, पहिल्या आठवड्यात लोकांचा हात आपोआप खिशात जातो, मागावंही लागत नाही. टीव्हीवरची दृश्यं थांबली की पैसेही थांबतात. आणि घरं बांधायला, शाळेवर छप्पर घालायला पैसे लागतात ते नेमके त्यानंतर, चार-सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. म्हणजे तातडीच्या मदतीचा फंड वेगळा आणि पुन्हा उभं करायचा फंड वेगळा. मी दुसऱ्याबद्दल लिहितोय.

सुरुवात पैशापासून करू नका, फोनपासून करा. तिथले शिक्षक, नर्स, आधीपासून तिथेच काम करणारी एखादी छोटी संस्था, यांना विचारा की सरकार काय देणार आहे, बाकीचे कोण काय करतायत आणि कोण सुटतंय. सुटणारे बहुतेक ठिकाणी तेच असतात, भाडेकरू, ज्यांच्या नावावर जमिनीचा कागद नाही ते, आणि ज्यांचं घर वाचलं पण शिवणयंत्र, होडी, हातगाडी गेली ते. घरासाठी पैसे द्यायला सगळे तयार असतात, होडीच्या इंजिनासाठी कुणी देत नाही, आणि कमाई नसली की माणूस नवं घरसुद्धा सोडून निघून जातो.

मग एकच काम निवडा. "आपत्तीग्रस्तांना सढळ हाताने मदत करा" हे वाचून लोक हळहळतात आणि पुढे स्क्रोल करतात. त्याऐवजी असं लिहा: "चाळीस मुलांच्या शाळेचं छप्पर उडालंय, पत्रे, लोखंड, वाहतूक आणि मजुरी मिळून खर्च इतका, कोटेशन सोबत जोडलंय, पावसाच्या आधी काम संपवायचंय." आकडा काढताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, सगळी वस्ती एकदमच बांधायला काढते म्हणून सिमेंट आणि गवंडी दोन्ही महागतात, तेव्हा आजच्या भावावर दहा-पंधरा टक्के वर धरा. आणि पुढच्या वादळात टिकेल असं बांधायचा जो जास्तीचा खर्च असतो तोही त्याच आकड्यात घाला, नंतर वेगळा मागायला गेलात तर मिळत नाही.

आता पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? स्वतःच्या नाही, कितीही प्रामाणिक असलात तरी नाही. नोंदणी असलेल्या संस्थेला सोबत घ्या, या कामासाठी वेगळं खातं ठेवा, पैसे काढायला दोन सह्या, आणि करसवलत मिळणार का, परदेशातून पैसे घेता येतात का हे आधी विचारून घ्या. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि बीटल्स बँडमधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी केलेली मैफल सगळ्यांना माहीत असते, पण करमाफीची व्यवस्था आधी केली नव्हती म्हणून तिच्या रेकॉर्डमधून आलेले पैसे कराच्या भानगडीत कित्येक वर्षं अडकून पडले हे कमी जणांना माहीत असतं. एवढ्या मोठ्या माणसांचं असं झालं, आपलं काय.

आवाहनात अजून एक वाक्य पहिल्याच दिवशी घाला, पैसे जास्त जमले तर त्यांचं काय करणार. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने काही दिवसांतच सांगून टाकलं की त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसे पैसे आलेत, आता त्यासाठी देऊ नका, आणि आधी ज्यांनी दिले होते त्यांना विचारलं की हे दुसऱ्या संकटासाठी वापरू का. मला वाटतं सगळ्यात अवघड काम हेच, पुरे म्हणणं.

मागायची पद्धत. रिकाम्या डब्यात पहिली नोट टाकायला कुणालाच आवडत नाही, म्हणून देणगीचं ऑनलाइन पेज पब्लिक करायच्या आधी ओळखीच्या दहा-पंधरा जणांकडून काही रक्कम जमवून ठेवा, त्यांना ग्रुपवर मेसेज टाकू नका, एकेकाला फोन करा. रक्कम तुम्हीच सुचवा आणि लहान ठेवा. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसने फक्त एक एसएमएस करून १० डॉलर द्यायची सोय केली होती, ते पैसे लोकांच्या फोनबिलात लागायचे, आणि त्यातून ३ कोटी डॉलरच्या वर जमले. विचार करायला वेळच नाही ना तिथे. पुनर्बांधणीला तर एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा वर्षभर महिन्याला थोडे थोडे देणारी माणसं जास्त उपयोगी, आणि तुमच्या कंपनीला विचारून बघा, कर्मचारी जितके देतील तितकेच स्वतः घालणाऱ्या कंपन्या असतात. कार्यक्रम ठेवत असाल तर आधी हॉल, साऊंड, छपाईचा खर्च मांडा, बऱ्याचदा सगळी धावपळ करून हातात चहापाण्यापुरतेच उरतात. क्राउडफंडिंग साईटचं, म्हणजे ऑनलाइन वर्गणी जमवून देणाऱ्या साईटचं, कमिशन किती आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येतात हे वाचून घ्या. आणि खात्याची माहिती एकाच ठिकाणी ठेवा, कारण मोहीम चालली की तिची नक्कल करून स्वतःचा क्यूआर कोड चिकटवणारे येतातच.

फोटो विचारून काढा, रडणारं मूल नको. त्या मुलाला मोठेपणी तो फोटो बघावा लागणार आहे.

कपडे घेऊ नका. एकदा मी अशा गोण्या सोडायला बसलो होतो, एकीत एकाच पायाचा बूट, चेन तुटलेली बॅग आणि फॅन्सी ड्रेसमधला राजाचा कोट निघाला, आणि ते सगळं निवडण्यात आमचे सहा जण दोन दिवस अडकले, तेवढ्या वेळात निदान भिंतीच्या विटा तरी उतरवून झाल्या असत्या.

घर बांधणाऱ्याला पैसे देताना हप्ते पाडा. जोतं झालं की एक, लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत, आलं की दुसरा, छप्पर घातलं की शेवटचा. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने घरासाठी ३ लाख नेपाळी रुपये असेच तीन हप्त्यांत दिले, पुढचा हप्ता मिळायच्या आधी काम तपासलं जायचं. पण पहिला हप्ता एवढा तरी असू दे की माणूस कर्ज न काढता पाया खणू शकेल.

हिशेब दर महिन्याला टाका, आले किती, गेले किती, कशाला, बिलाचा फोटो. काम रखडलं तर तेही लिहा, "पत्रे आले नाहीत, तीन आठवडे उशीर" असं वाचून कुणी चिडत नाही, काहीच न कळलं की मात्र चिडतात.

आणि सहाव्या महिन्यात, जेव्हा सगळे विसरलेले असतात, तेव्हा परत मागा. लाजू नका. आधी दिलेल्यांनाच मेसेज करा, सोबत लिंटेलपर्यंत आलेल्या भिंतीचा फोटो लावा, खाली लिहा की दारं-खिडक्यांना इतके कमी पडतायत.