मुतखडा फोडून घ्यायला जाण्याआधी

सीटी स्कॅनचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. सोनोग्राफीवर भागवू नका. मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीच्या, मधल्या भागात अडकलेला खडा तिला बरेचदा दिसतच नाही. रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी पेनाने खूण करा: खडा किती मिलिमीटरचा, नेमका कुठे, आणि एचयू म्हणून लिहिलेला आकडा, म्हणजे खड्याची घनता. तो आकडा साधारण हजाराच्या वर असेल तर खडा टणक, बाहेरून लहरी मारून फुटण्याची आशा कमी.

आता “लेझरने होईल ना?” हा प्रश्न. मीही पहिला तोच विचारला होता. पण लेझर हे फक्त फोडायचं हत्यार. खड्यापर्यंत शिरायचं कुठून, यावर पुढचं सगळं ठरतं. ना छेद, ना दुर्बीण अशी एकच पद्धत, लहरींची लिथोट्रिप्सी. ऐकायला सोपी, पण तुकडे लघवीवाटे आपले आपल्यालाच बाहेर काढायचे असतात. खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर चुरा तिथेच बसून राहतो. गरोदरपणात आणि रक्त गोठण्याचा त्रास असेल तर ही पद्धत वापरत नाहीत. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालतात, किडनीतल्यासाठी वळणारी दुर्बीण, म्हणजे आरआयआरएस. खडा वीस मिलिमीटरच्या पुढे गेला की बहुतेक वेळा पाठीतून छोटं छिद्र पाडून पीसीएनएल. त्यात रक्तस्रावाची भीती जास्त, पण मोठा खडा एका बैठकीत साफ होण्याची शक्यताही जास्त. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: माझा खडा एकाच वेळी निघेल का, की पुन्हा यावं लागेल?

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, आधीच करायला द्या, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. जंतू असताना खड्याला हात लावला तर ते रक्तात पसरू शकतात. थंडी वाजून ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी आधी अडकलेली लघवी मोकळी करतात, खडा नंतर.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर.

दुर्बिणीनंतर आत बरेचदा डीजे स्टेंट ठेवतात, किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मऊ नळी. मला याबद्दल कोणी नीट सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर दर वीस मिनिटांनी लघवीची घाई, लघवी संपताना कमरेत कळ, आणि मी समजलो की ऑपरेशन फसलं. फसलं नव्हतं, नळी असली की असं होतं. ती काढायची तारीख मात्र घरी निघण्याआधीच लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. महिनोन्‌महिने विसरलेल्या नळीवरच नवे खडे चढतात, मग तिच्यासाठी वेगळं ऑपरेशन.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जाताना पुन्हा एक तपासणी मागा, कारण खडा जागा बदलतो, कधी पडूनही गेलेला असतो. युरिक अ‍ॅसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, हे ध्यानात असू द्या. बॅगेत लघवी गाळायला एक बारीक गाळणी आणि झाकणाची छोटी डबी टाका. तुकडा हाती लागला तर तपासायला द्यायचा आहे.